तारीख मागतायत, पण उत्तरच माहीत नाही तर द्यायची कशी?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून एका टीम लीडरचं पत्र आलंय. नावगाव काढून, थोडं कापून देते:

"ताई, आमची कंपनी द्राक्षबागेसाठी ट्रॅक्टरवरचे ब्लोअर बनवते, सत्तर माणसं आहेत. दिवाळीनंतर मालकांनी मला सहा जणांची टीम दिली आणि सांगितलं की पान दिसेल तिथंच फवारेल, मोकळ्या जागेत आपोआप बंद होईल असा स्मार्ट ब्लोअर करा, शेतकऱ्याचं औषध वाचलं पाहिजे. सहा महिने झाले. मोबाइल ॲप मस्त झालंय, व्हॉल्व्ह चालतात, कंपनीच्या आवारात डेमो एकदम व्यवस्थित होतो. बागेत नेलं की सेन्सर वाट्टेल ते दाखवतो, तीन प्रोटोटाइप झाले आणि तिन्ही वेळा तेच. दर सोमवारी मालक विचारतात किती टक्के झालं आणि तारीख काय. मी दोन तारखा दिल्या, दोन्ही चुकल्या. सेल्सवाले म्हणतात डिसेंबरला मोशीच्या किसान प्रदर्शनात मशीन उभं पाहिजेच. टीममधला सगळ्यात हुशार मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सवाला, आता मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही, आणि कानावर आलंय की तो बाहेर इंटरव्ह्यू देतोय. मी लीडर म्हणून कमी पडतोय का? तिसरी तारीख काय सांगू?"

ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते हं, राग मानू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला एकाच शब्दापाशी अडले, टक्के. किती टक्के झालं. हा प्रश्न तुमच्या नेहमीच्या ब्लोअरला अगदी बरोबर आहे, कारण तो तुम्ही शेकडो वेळा केलाय, टाकी किती दिवसांत येते, फॅन बॅलन्स करायला किती तास जातात, पेंटला किती, सगळं पाठ आहे, तेव्हा साठ टक्के म्हटलं की खरंच साठ टक्के असतं आणि उरलेले चाळीस कुठे आहेत ते शॉपफ्लोअरवर बोट ठेवून दाखवता येतं. तुझ्या नव्या मशीनचं तसं नाहीये. तिथे अजून एका प्रश्नाचं उत्तरच कुणाला माहीत नाही, की फवाऱ्याच्या धुक्यात, ट्रॅक्टरच्या हादऱ्यात सेन्सरला पान दिसतं का. ते उत्तर 'नाही' आलं तर तुमचं झालेलं सगळं काम, ॲपसकट, शून्य टक्के होतं. म्हणून तू दिलेल्या दोन तारखा चुकल्या त्यात तुझ्या प्लॅनिंगचा दोष शोधत बसू नकोस, त्या तारखा देण्यासारख्याच नव्हत्या. तू त्या दिल्यास एवढीच चूक, आणि ती चूक मीही केलीय, फार महागात पडली म्हणून सविस्तर सांगते.

मी भोसरीत एका कंपनीत होते, पंपांची. आम्ही एक नवीन सील बनवत होतो, रबराचा मसाला आमचाच, इंपोर्टेडच्या निम्म्या किमतीत. मी लीड होते. दर आठवड्याला वर रिपोर्ट जायचा आणि मी लिहायचे नव्वद टक्के. चार महिने नव्वद टक्केच लिहीत होते मी! खोटं बोलायचं मनात नव्हतं, मला खरंच वाटायचं की आता थोडंच राहिलंय. टेस्टिंगला एक डिप्लोमाचा पोरगा होता, त्याने मार्चमध्ये मीटिंगमध्ये सांगितलं की मॅडम, बेंचवर जास्त तास चाललं की गरम होऊन सील फुगतंय, मला वाटतं हे उन्हाळ्यात टिकणार नाही. वरचे साहेब समोर बसलेले. मी म्हणाले, हे आपण नंतर बघू, आधी रिव्ह्यू होऊ दे. तो गप्प बसला, आणि त्यानंतर कधीच काही बोलला नाही. मे महिन्यात पंप परत यायला लागले, फुगलेली सीलं घेऊन. आजही मला त्या पंपांपेक्षा त्या पोराचा चेहरा जास्त आठवतो. त्याच्याकडे उत्तर होतं, फुकट होतं, दोन महिने आधी होतं, आणि ते मी माझ्या नव्वद टक्क्यांच्या पायी नको म्हटलं.

म्हणून तुझ्या त्या गप्प झालेल्या मुलाकडे सगळ्यात आधी बघ. तू लिहिलंयस तो बाहेर इंटरव्ह्यू देतोय. तो पगारासाठी देत असेलही, पण माझा अंदाज वेगळा आहे. सेन्सर का फसतोय याची काहीतरी कल्पना त्याला आहे आणि ती सोमवारच्या मीटिंगमध्ये मालकांसमोर बोलायची सोय नाहीये, कारण बोललं की टक्के कमी होतात आणि टक्के कमी झाले की तू अडचणीत येतोस. तो तुला सांभाळतोय की काय, असंही असू शकतं. त्याच्याशी एकट्याने बोल, कंपनीच्या बाहेर, आणि एकच विचार, "तुला काय वाटतं, हे चालणार नाही असं कुठे वाटतं तुला?" मग मध्ये न बोलता ऐक. समजावू नकोस, मालकांची बाजू मांडू नकोस.

आता कामाचं. तुमचा क्रम उलटा झालाय. ॲप मस्त झालं, व्हॉल्व्ह चालतात, म्हणजे जे जमणारच होतं ते आधी केलं, आणि ज्यावर सगळं उभं आहे ते शेवटाला ठेवलं. हे जवळपास प्रत्येक टीममध्ये होतं, कारण सोमवारी दाखवायला काहीतरी लागतं आणि ॲपचा स्क्रीन छान दिसतो. पण धोका सेन्सरमध्ये आहे, तर पहिला रुपया आणि पहिला दिवस सेन्सरवर जायला पाहिजे होता, तेही अख्खं मशीन न बनवता.

आणंदची, म्हणजे अमूलची गोष्ट मला या बाबतीत फार आवडते. १९५० च्या दशकात म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ ठामपणे सांगत होते, फॅट जास्त म्हणून, आणि जगात पावडर व्हायची ती गाईच्या दुधाची. आपल्याकडे तर दूध म्हशीचं. कुरियन यांच्यासोबत हरिचंद दलाया म्हणून डेअरीचे तंत्रज्ञ होते, त्यांनी काय केलं, तर रंग मारायची स्प्रे गन घेतली, गरम हवेचा हीटर घेतला, आणि म्हशीचं दूध त्यातून उडवून पावडर करून दाखवली. प्लांट नाही, बिल्डिंग नाही, फक्त तेवढा एक प्रश्न, होते का नाही होत. होते म्हटल्यावर मग मोठी मशिनरी आणि मोठा पैसा, आणि ३१ ऑक्टोबर १९५५ ला नेहरूंच्या हस्ते आणंदच्या डेअरीचं उद्घाटन झालं. प्लांट आधी उभा केला असता आणि पावडर झाली नसती तर? ते स्प्रे गनवालं काम तुमच्याकडे कुणी केलंच नाही, तुम्ही तीन वेळा अख्खा प्लांट बांधलात.

तर तुमची स्प्रे गन काय असेल? मी इलेक्ट्रॉनिक्सची नाही, पण टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलंय म्हणून सुचवते, तुझ्या पोरांना माझ्याहून चांगलं सुचेल. चौथा प्रोटोटाइप बनवू नका. तुमचा जुना साधा ब्लोअर घ्या, त्यावर फक्त सेन्सर बांधा, व्हॉल्व्हला जोडूच नका, सेन्सरला काय दिसतं ते नुसतं रेकॉर्ड करा आणि सोबत मोबाइलवर व्हिडिओ काढा. एक फेरी टाकी रिकामी ठेवून, एक फेरी नुसतं पाणी फवारत. दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवली की कळेल की गडबड हादऱ्याची आहे का धुक्याची. धुक्याची असेल तर सेन्सर ब्लोअरपाशी कशाला हवा, ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला बांधून बघा, आणि पान दिसल्यापासून नोझल तिथे पोचेपर्यंतचा वेळ चाकाच्या स्पीडवरून काढा. चालेल का माहीत नाही, पण दोन दिवसांत कळेल, आणि खर्च डिझेलचा. आणि फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचतो का हे बघायला ते पिवळे कागद मिळतात ना, पाण्याचा थेंब पडला की निळे होणारे, ते पानांना खालून-वरून स्टेपल करा. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, पानाच्या खालच्या बाजूने उठतो हे तुला मी सांगायला नको. औषध वाचवताना तिथे पोचलंच नाही तर शेतकरी तुम्हाला दारात उभं करणार नाही.

आणि आता तारखेबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे. मालकांना तारीख द्यायचीच, अजिबात टाळू नकोस, फक्त मशीनची नको, उत्तराची दे. "साहेब, मशीन कधी होईल ते आज मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पण धुक्यात सेन्सरला पान दिसतं की नाही हे मी तुम्हाला वीस तारखेला सांगतो, त्याला पंचवीस हजार लागतील. हो आलं तर पुढचा प्रश्न हा आहे, नाही आलं तर आपल्याकडे हे दोन रस्ते आहेत." असं बोललास की बघ, तारीख पण मिळाली, खर्चाला मर्यादा पण आली, आणि ती तारीख पाळणं तुझ्या हातात आहे, कारण 'नाही' हे उत्तर आणलंस तरी तू तारीख पाळलीसच. मालक चिडतात ते अडचणीवर नाही रे, त्यांना अंधारात ठेवल्यासारखं वाटतं म्हणून चिडतात. त्यांचा पैसा आहे, बँकेचे हप्ते आहेत, सत्तर घरं आहेत. त्यांना शत्रू समजू नकोस.

शेतीच्या मशीनमध्ये अजून एक कॅलेंडर असतं जे मालकांच्याही हातात नाही. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला, त्यानंतरचे पाच-सहा आठवडे फवारणीची खरी परीक्षा, आणि ती संधी गेली की वर्ष गेलं. तुम्ही दिवाळीनंतर सुरू केलंत म्हणजे निम्मा सीझन तसाच हातातून गेला. पण आपल्याकडे एक सोय आहे, बागलाणात सटाण्याच्या पट्ट्यात अर्ली द्राक्षाची छाटणी जून-जुलैमध्येच होते, म्हणजे तिकडे पावसाळ्यात, डाऊनीच्या ऐन हंगामात बागा फुटलेल्या असतात. अंबडहून सटाणा काही लांब नाही. तिथले दोन-तीन शेतकरी आत्ताच गाठून ठेव. आता मे चाललाय, खरड छाटणीनंतरची, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरची, नवी फूट तुमच्या आजूबाजूला आहेच, तिथे पाण्यावर चाचण्या करा, जुलै-ऑगस्टला बागलाणात करा, आणि ऑक्टोबरला निफाड-दिंडोरीत. एका वर्षात तीन सीझन मिळाले. हे कॅलेंडर मोठ्या कागदावर काढून टीमच्या खोलीत लाव आणि मालकांच्या केबिनमध्येही.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुला कदाचित वाईट वाटेल. मला शंका आहे की तुम्ही चुकीच्या पिकावर प्रयोग करताय. इंग्रजी Y आकाराच्या आधारावर किंवा मांडवावर भरलेल्या द्राक्षबागेत मोकळी जागा असते तरी किती? वेलीला वेल लागलेली असते, कुठे मेलेली वेल असेल तेवढीच फट. छाटणीनंतर सुरुवातीला पानं कमी असताना औषध वाचेल, पण कॅनॉपी भरली की वाचण्यासारखं थोडंच उरतं. त्याउलट डाळिंबाची झाडं सुटी-सुटी असतात, दोन झाडांमध्ये चांगली मोकळी जागा, आणि फवारण्या तिथेही भरपूर. मालेगाव-सटाण्याला डाळिंब आहे, सांगोल्याला आहे. मी चुकत असेन, शेत मी लांबूनच बघितलंय. पण हा सुद्धा एक प्रश्न आहे आणि याला तर सेन्सरही लागत नाही, दहा बागांमध्ये टेप घेऊन जा, मोकळी जागा मोजा, किती टक्के औषध हवेत जातं याचा हिशोब काढा. इथे टक्के चालतील! तो आकडा छोटा आला तर मशीन कितीही भारी बनलं तरी शेतकरी जास्तीचे पैसे का देईल. असलं काही करताना उत्तर बऱ्याचदा आपण शोधतो तिथे नसतं, शेजारी असतं, आणि लीडरने टीमला तेवढं शेजारी बघायची परवानगी द्यावी लागते. "आपलं काम द्राक्षाचं आहे, डाळिंबाचं नाही" असं म्हणणारा कुणीतरी निघेलच, बहुतेक सेल्समधलाच.

मीटिंगचं थोडक्यात सांगते. मालकांसमोरची सोमवारची मीटिंग राहू दे, तिथे तू एकटा जा किंवा एकाला घेऊन जा. टीमची मीटिंग वेगळी कर, शुक्रवारी, मशीनपाशी उभं राहून, आणि सुरुवात प्रत्येकाने एका वाक्याने करायची, "या आठवड्यात मला असं वाटत होतं आणि निघालं असं." वाईट बातमी आणणाऱ्याला मध्येच तोडू नकोस आणि लगेच उपायही मागू नकोस, बातमी आणली एवढं त्याचं काम झालं. फिटरला त्या मीटिंगमध्ये घे. सहा जणांत फिटर आहे का ते तू लिहिलं नाहीस, नसेल तर आजच घे, हादऱ्याबद्दल त्याला जे माहीत असतं ते ड्रॉइंगवर कधीच येत नाही. आणि महिनाअखेरीला डिस्पॅचची गर्दी झाली की तुझी पोरं लाइनवर ओढली जातात का? जात असणार, सगळीकडे जातात. निदान दोघं अशी ठेव ज्यांना मार्च एंडिंगलासुद्धा कुणी हात लावणार नाही, आणि हे मालकांकडून सगळ्यांसमोर वदवून घे, नाहीतर सहा जणांची टीम कागदावरच राहील.

थांबायचं कधी हेही आत्ताच ठरवा, डोकं शांत असताना. लिहून ठेवा, की ऑक्टोबरपर्यंत पाण्यावर आणि बागेत सेन्सर अमुक इतका बरोबर चालला नाही किंवा वाचलेल्या औषधाचा हिशोब अमुक रकमेच्या खाली आला, तर हे काम बंद. आकडा तुम्ही आणि मालक मिळून ठरवा. हे हरल्यासारखं वाटतं, मला माहीत आहे, पण असं लिहिलेलं असलं की टीमला उलट मोकळं वाटतं, कारण मग बंद झालं तर ते कुणा एकाच्या डोक्यावर फुटत नाही. आमच्या सीलच्या वेळी असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून बंद करायचा विषय काढणारा माणूस आपोआप गुन्हेगार ठरायचा, आणि तो विषय कुणी काढलाच नाही. आणि बंद झालं तरी तुमच्याकडे दहा बागांची मोजमापं राहतील, पिवळ्या कागदांचे फोटो राहतील, त्यावरून तुमच्या जुन्या ब्लोअरची नोझल सुधारता आली तरी त्या वर्षाचा पगार वसूल होईल.

मोशीचं काय? डिसेंबरला स्टॉलवर मशीन उभं करून बुकिंग घेऊ नका, ही माझी विनंती समज. बुकिंग घेतलं की तो शेतकऱ्याला दिलेला शब्द होतो आणि मग तुझी टीम शिकायचं सोडून लपवायला लागते. सेल्सवाल्यांना दुसरं काम दे, त्यांना ते आवडेलही. पाच शेतकरी शोधा जे मशीन अर्धवट असताना वापरून बघतील आणि तोंडावर शिव्या देतील. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आठव. नांगर चांगला होता, पण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता, आणि पहिलं गिऱ्हाईक मिळायलाच जवळपास दोन वर्षं गेली असं सांगतात. तेव्हा ते बेळगावला होते, किर्लोस्करवाडी १९१० ची, त्यानंतरची. म्हणजे बघ, तुमच्या सेन्सरचा प्रश्न सुटल्यावरही शेतकऱ्याच्या मनाचा प्रश्न राहणारच आहे, तो सेन्सरपेक्षा सोपा नाही, आणि त्याला सेल्सची माणसं आत्तापासून लागतील, डिसेंबरपासून नाही.

तू विचारलंस, कमी पडतोय का. दोन तारखा चुकल्यावर तिसरी ठोकून न देता तू थांबून पत्र लिहिलंस. मी त्या वयात चार महिने नव्वद टक्के लिहीत राहिले होते. मला तुझी काळजी वाटत नाही, त्या मुलाची वाटते. त्याच्याशी आजच बोल, सोमवार यायची वाट बघू नकोस. आणि पाण्यावरच्या पहिल्या चाचणीचे पिवळे कागद निळे झाले, नाही झाले, जे होईल त्याचे फोटो मला पाठव, पानाच्या खालच्या बाजूचे आधी.